खांदेरीची बत्ती

देवणीपासून समुद्र दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच लांब आहे. नकाशावर पट्टी ठेवली तर पश्चिमेचा अरबी समुद्र सरळ रेघेत सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढं, आणि आग्नेयेला मछलीपट्टणचा किनारा त्याहून थोडा पलीकडं. समुद्राशी काही भांडण असावं आणि दोन्हीकडून सुरक्षित अंतर राखून कुणी गाव वसवावं, अशी ही जागा. आमच्या शिवारात पडलेलं पाणी मांजरेला मिळतं, मांजरा गोदावरीला आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. माणसं मात्र पोटासाठी पश्चिमेला, पुण्या-मुंबईला जातात. पाण्याचं तोंड एकीकडं आणि माणसांचं दुसरीकडं, असा आमचा जुना बेबनाव आहे. २०१६च्या एप्रिलमध्ये तर मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. तेव्हापासून आमच्याकडच्या लहान लेकरांना पाणी ही रुळावरून येणारी वस्तू वाटली असेल तर त्यांना हसू नये.

अशा गावच्या माणसानं दीपगृहावर लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच. देवणीनं लिहावं ते बैलांवर. आमच्या गावाच्या नावाची गोवंशाची जात आहे, देशभर प्रसिद्ध आहे, आणि तिच्यात वानेरा, बालंक्या, शेवरा असे तीन प्रकार आहेत. बाजारात उभं राहून तोंडाच्या काळेपणावरून वानेरा कुठला आणि अंगावरच्या ठिपक्यांवरून शेवरा कुठला हे सांगणारी माणसं आमच्याकडं चहाच्या टपरीवर फुकट भेटतात. दीपगृहातलं कळणारं कुणी भेटत नाही. लातूर पॅटर्ननं महाराष्ट्राला डॉक्टर आणि इंजिनिअर किती दिले याची मोजदाद नाही, पण आमच्याकडचं पोरगं दीपगृहावर नोकरीला लागलं म्हणून पेढे वाटल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

तरी माझी आणि खांदेरीची ओळख झाली, आणि ती युरियामुळं झाली असं म्हटलं तरी चालेल. आमच्या रानात पडणारा युरिया आर.सी.एफ.च्या थळच्या कारखान्यात तयार होतो. थळ म्हणजे अलिबागच्या उत्तरेचं किनाऱ्यावरचं गाव. खताच्या रांगेत उभं राहणाऱ्याला थळ हे नाव माहीत असतं, पण थळच्या समोर समुद्रात काय आहे हे पोत्यावर लिहिलेलं नसतं. समोर दोन बेटं आहेत. जवळची ती उंदेरी, थोडी आत समुद्रात ती खांदेरी. खांदेरीवर दोन टेकाडं आहेत आणि त्यांतल्या उंच टेकाडावर एक अष्टकोनी दगडी मनोरा उभा आहे. तो १८६७ साली बांधला. कोळीवाड्यात त्याला दीपगृह कुणी म्हणत नाही. बत्ती म्हणतात.

थळच्या ज्या तांडेलाच्या होडीत मी बसलो त्यानं आधी माझं गाव विचारलं. देवणी म्हटल्यावर त्याला काही बोध झाला नाही. लातूरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला, असं सांगितल्यावर तो म्हणाला, “तिथं दर्या नाय?”

“नाही.”

“मग खाता काय?”

ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण, असं उत्तर मी दिलं. त्यानं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं त्या नजरेनं आमच्याकडं दुष्काळी पाहणीला आलेली पथकं बघतात. त्यानंतर त्यानं माझी विशेष काळजी घेतली. होडी हलायला लागल्यावर मी दोन्ही हातांनी फळी धरली, तेव्हा “ती सोडा, ती कुठं जात नाय” एवढंच म्हणाला. बैलगाडीत जन्म गेलेल्या माणसाला धक्के नवे नाहीत. फरक इतकाच, की बैलगाडीला धक्का खालून बसतो आणि कुठून बसला ते मागं वळून बघता येतं.

बेट जवळ येत गेलं तसा माझ्या डोक्यात एक विचार घुसला, तो अजून निघालेला नाही. आमच्याकडं दिवा लावायचा तो बोलावण्यासाठी. दिवेलागणीला आई तुळशीपुढं दिवा लावायची, उंबऱ्याशी लावायची, आणि रानातून यायला कुणाला उशीर झाला तर कंदील ओसरीवर टांगायची. देवळापुढची दीपमाळ पेटली की पंचक्रोशीतल्या माणसांनी त्या उजेडाच्या रोखानं यायचं. उजेड दिसला म्हणजे तिथं माणूस आहे, पाणी मिळेल, पाठ टेकता येईल, असा आमचा सरळ हिशेब. खांदेरीची बत्ती याच्या बरोबर उलट बोलते. इतक्या लांबून दिसायचं, इतकं झगझगायचं, आणि सांगायचं काय, तर ‘इकडं येऊ नका’. इथं खडक आहे, इथं तुमचं जहाज फुटेल, मला बघा आणि माझ्यापासून लांबून जा. यजमान म्हणून ज्याला कुणीही नावं ठेवील असा हा दिवा आहे. आणि तरीही समुद्रावरच्या माणसाला याच्याइतका सगासोयरा दुसरा नाही.

परत आल्यावर हे मी घरी सांगितलं. आईला सगळं पटलं, फक्त एक सोडून. “समदं खरं,” ती म्हणाली, “पन येऊ नगा म्हणून सांगायला बी रातभर कुनीतरी जागंच ऱ्हातंय की न्हाई?”

पण बत्तीच्या आधी बेटाचं सांगायला पाहिजे, कारण गंमत तिथं आहे. खांदेरी वाचली ती उजेडानं नाही, अंधारानं वाचली.

१६७९च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला माणसं धाडली. मायनाक भंडारी हा त्यांचा प्रमुख. बरोबर दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा. मुंबईच्या इंग्रजांना हे कळलं तेव्हा त्यांची झोप उडाली, आणि ते साहजिकच होतं. मुंबई बंदराच्या दक्षिणेला, येण्याजाण्याच्या वाटेवर मराठ्यांचं ठाणं झालं की बंदरात कोण शिरतं आणि कोण निघतं हे सगळं तिथून दिसणार. त्यांनी जहाजं पाठवली. बेटाला वेढा घातला. रसद तोडायची, माणसं उपाशी पडली की आपोआप उतरतील, असा डाव.

डाव कागदावर चांगला होता. पण इंग्रजांची जहाजं मोठी आणि शिडांवर चालणारी, वारा पडला की जागच्या जागी. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ बुडाच्या, वल्ह्यांच्या. रात्र पडली, वारा थांबला, की किनाऱ्यावरून त्या निघायच्या आणि त्या मोठ्या जहाजांच्या मधून बेटावर दगड, चुना, धान्य, माणसं पोचवून पहाटेच्या आत परत यायच्या. वेढा घालून बसलेल्यांच्या डोळ्यांसमोर तटाची उंची वाढत गेली. हा पराक्रम कुठल्या एका दिवसाचा नाही, म्हणून त्याचं चित्र काढता येत नाही. ही रात्रपाळी होती. आमच्याकडं शेतीची वीज रात्रीची येते आणि शेतकरी बॅटरी घेऊन साप-विंचू चुकवत मोटार चालू करायला जातो. त्याला या होडीवाल्यांचं मोठेपण समजावून सांगावं लागणार नाही.

१८ ऑक्टोबर १६७९ला मात्र उजेडात लढाई झाली. दौलतखानाच्या हाताखालचं मराठी आरमार चालून आलं. इंग्रजांचं ‘डव्ह’ नावाचं गलबत मराठ्यांनी धरलं, बाकीची पांगली. ‘रिव्हेंज’ हे मोठं जहाज तेवढं टिकून लढलं आणि त्याच्या तोफांपुढं मराठ्यांच्या होड्यांना मागं फिरावं लागलं. इंग्रजांच्या पुस्तकांत त्यामुळं त्या दिवशीचा विजय इंग्रजांचा असतो. असू द्यावा. वेढ्याचा खर्च परवडेना तशी सुरतेच्या वरिष्ठांची बोलणी सुरू झाली, आणि १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी हात काढून घेतला. किल्ला राहिला. शेजारच्या उंदेरीवर जंजिऱ्याच्या सिद्दीनं याच सुमाराला आपलं ठाणं बसवलं, म्हणजे हाकेच्या अंतरावर दोन वैरी समोरासमोर राहायला आले. बांधावरून भांडणारे दोन भाऊ ज्यांनी बघितलेत त्यांना हा संसार कसा चालला असेल ते कळेल. दोघांकडं तोफा होत्या, एवढंच जास्तीचं.

पुढं खांदेरी कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यात आली. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं १७१८ साली तिच्यावर मोठी चढाई केली आणि हात हलवत परत गेला. कान्होजी आंग्रे इंग्रजांच्या दृष्टीनं चाचे होते. आपल्या दस्तकाशिवाय आपल्या समुद्रातून जाऊ नये असं ते म्हणत, आणि जो जाई त्याला अडवत. हेच काम इंग्रज स्वतः करत तेव्हा त्याला व्यापार म्हणत. १७२९ साली कान्होजी वारले, पण तोवर या किनाऱ्यावरून जाणाऱ्या परक्या जहाजांच्या कप्तानांनी पुष्कळ रात्री जागून काढल्या होत्या.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे बेट इंग्रजांच्या हाती गेलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबई भरभराटीला चढली, जहाजांची ये-जा वाढली. तेव्हा इंग्रजांच्या लक्षात आलं की या बेटाशी आता आपलं वैर नाही, पण बेटाचं आपल्याशी अजून आहे. खडकाला राज्य बदलल्याचं कळवलेलं नसतं. म्हणून १८६७ साली त्यांनी तिथं बत्ती लावली. ज्या बेटावर रात्री उजेड नको म्हणून मराठे देवाला हात जोडत होते, त्याच बेटावर रात्रभर उजेड असावा म्हणून इंग्रजांनी पैसे मोजले. दोघांचंही त्यांच्या त्यांच्या जागी बरोबर होतं. १९९८ साली आपल्या सरकारनं बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं, आणि बत्तीही त्यांच्याच नावानं ओळखली जाऊ लागली. परदेशी जहाजाचा कप्तान आता आपल्या नोंदवहीत लिहितो, की कान्होजी आंग्रे दिसले, सगळं ठीक आहे. हे वाक्य चार्ल्स बूनला वाचायला मिळालं असतं तर त्यानं दिव्याखाली धरून पुन्हा वाचलं असतं.

आता त्या बत्तीचं थोडं. लोकांना वाटतं की आत फार मोठा दिवा असेल. दिवा मोठा नसतो, भिंग मोठं असतं. ऑगस्टिन फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरनं हे काम केलं. एवढं जाड भिंग ओतलं तर ते मणामणानं जड होणार आणि अर्धा उजेड स्वतःच गिळणार. त्यानं जाड काच ठेवलीच नाही. भिंगाचा जो वाकडा पृष्ठभाग उजेड वळवतो तेवढाच ठेवला, आणि काचेच्या लोलकांची वर्तुळं एकात एक बसवली. दिव्याचा वर, खाली, मागं वाया जाणारा उजेड धरून तो एका आडव्या पट्ट्यात समुद्राकडं सोडायचा. १८२३ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर कोर्दुआनच्या दीपगृहात हे भिंग पहिल्यांदा लागलं. चार वर्षांनी फ्रेनेल गेला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. तेल कितीही चांगलं असलं तरी ज्योतीभोवतीचा उजेड चहूकडं सांडतो; सांडणारं गोळा करायचं हे त्या माणसाला सुचलं. पाणी अडवा, पाणी जिरवा म्हणून आमच्याकडं गावोगाव भिंती रंगवल्या आहेत, त्यामुळं मला तो एकदम ओळखीचा वाटला.

दुसरी गोष्ट लुकलुकण्याची. दीपगृहाचा उजेड फिरतो किंवा मिचकावतो तो शोभेसाठी नाही. प्रत्येक बत्तीची चाल ठरलेली असते: इतक्या सेकंदांनी एक लखलख, किंवा दोन लागोपाठ आणि मग काळोख. खलाशी सेकंद मोजतो, यादीत बघतो आणि ओळखतो की ही अमुक ठिकाणची. जुन्या काळी ते अवजड भिंग पाऱ्याच्या हौदावर तरंगत ठेवत, म्हणजे बोटानं ढकललं तरी फिरावं. फिरवायला घड्याळासारखं वजनाचं यंत्र असे आणि दर काही तासांनी त्याला किल्ली द्यावी लागे. म्हणजे आईचा प्रश्न अगदी रास्त होता. कुणीतरी रातभर जागंच असे.

आणि दिवसा तो दिवा आपोआप विझावा म्हणून झडप कुणी केली, तर स्वीडनच्या गुस्ताफ दालेननं. सूर्यप्रकाशानं तापून गॅस बंद करणारी ही झडप. १९१२ साली त्याला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी गॅसच्या स्फोटात त्याचे दोन्ही डोळे गेले. समुद्रावरच्या हजारो माणसांना दिवा दाखवणाऱ्याच्या वाट्याला हे आलं. यावर काही बोलू नये. पुढं पंचवीस वर्षं त्यानं कारखाना मात्र चालवला.

तिसरं उंचीचं. पृथ्वी गोल असल्यामुळं उजेड कितीही असला तरी ठरावीक अंतरापुढं तो क्षितिजाखाली जातो. हिशेब सोपा आहे: दिव्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, साडेतीननं गुणायचं, की किलोमीटर आले. पन्नास मीटरवरचा दिवा पंचवीस किलोमीटरपर्यंत. खांदेरीची बत्ती देवणीच्या मारुतीच्या पारावरून दिसायची असेल तर काय, म्हणून मी उलटा हिशेब मांडून बघितला. मधला सह्याद्री बाजूला ठेवला आणि आमच्या पठाराची उंचीही सोडून दिली, तर मनोरा पंधरा किलोमीटरहून उंच लागतो, एव्हरेस्टच्या पावणेदोन पटीहून जास्त. टपरीवर हे सांगितलं तेव्हा एका मामांनी शांतपणे विचारलं, “मंजुरी कवा मिळतीय?”

दीपगृहावर राहणाऱ्यांबद्दल कविमंडळींनी फार गहिवरून लिहिलंय. एकांत, लाटा, चांदणं वगैरे. मला त्यांच्याबद्दल वेगळ्या कारणानं आपुलकी वाटते. सरकारी नोकरीत देवणीला बदली झाली की माणूस आधी रजा टाकतो, मग आमदाराला भेटतो, मग येतो. ज्या गावाला बदली ही शिक्षा समजतात, त्या गावच्या माणसाला बेटावरच्या नोकरीचं दुखणं कळतं. काचा पुसायच्या, नोंदवही भरायची, पावसाळ्यात होडी येणार नाही हे धरून किराणा भरून ठेवायचा. पावसाळ्यात मासेमारीही बंद असते, म्हणजे समोरून जाणारं ओळखीचं शीडही नाही. आता विजेचे दिवे आले, उपग्रह आले, बऱ्याच बत्त्या माणसांशिवाय चालतात. १९२७चा दीपगृहांचा कायदा जाऊन २०२१ साली नवा आला. जहाजावर उपग्रहाचा पडदा असताना बत्ती कशाला, असं विचारणारे आहेत. पण लहान होडीवाल्यांना विचारा. पडद्याची बॅटरी संपते.

बत्तीचंही सगळं चालतं असं नाही. १७ जुलै १९४७ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबई बंदराच्या तोंडाशी बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. तेव्हा सकाळ होती. वादळ होतं. दिवसाढवळ्या कुठली बत्ती काय करणार.

बेटावर अजून दोन गोष्टी आहेत आणि मला त्या बत्तीहून जवळच्या वाटल्या. एक वेताळाचं देऊळ. आत पांढऱ्या रंगानं माखलेली मोठी शिळा आहे, तोच देव. कोळी त्याला नवस करतात. आमच्याकडं वेताळ गावाबाहेर, ओढ्याकाठी असतो आणि माणसं त्याला भितात. इथं तो समुद्रात एकटा बसतो आणि माणसं त्याच्या भरवशावर बाहेर पडतात. सरकारनं लावलेली बत्ती खलाशी डोळ्यांनी बघतो, आणि नमस्कार वेताळाला करतो. सरकारनं याचं वाईट वाटून घेऊ नये, आमच्याकडंही असंच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वाजणारा दगड. एक मोठा खडक आहे, त्यावर लहान दगड आपटला की भांड्यासारखा ठण्ण आवाज येतो. तांडेलानं मोठ्या अभिमानानं वाजवून दाखवला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मी खाली बसून दगडावर हात फिरवला. काळा, बारीक दाण्याचा, आमच्या विहिरीतून निघतो तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला तो इथपासून आमच्या लातूर-देवणीपर्यंत पसरला, आणि दख्खनच्या पठाराच्या मोठ्या भागाखाली तीच शिळा आहे. म्हणजे साडेचारशे किलोमीटर येऊन मी आमच्याच बांधावरच्या दगडाला हात लावत होतो. हे तांडेलाला सांगितलं. तो म्हणाला, “मग तुमचा वाजतो?”

आमचा वाजत नाही. फक्त औताला लागतो.

२०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यांत खांदेरी आहे. त्याआधी २०२४ साली देशातल्या पंचाहत्तर दीपगृहांवर पर्यटकांसाठी सोयी करून झाल्या. म्हणजे गर्दी वाढणार. चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा अजून तिथं आहेत, त्यांवर पोरं बसवून फोटो काढले जाणार, वाजणाऱ्या दगडाला कुणी हातोडा मारून बघणार, तटाच्या चिऱ्यांवर खडूनं बदाम निघणार. साडेतीनशे वर्षं ज्या बेटानं इंग्रज, सिद्दी आणि समुद्र परतवला त्याला हे झेपेल की नाही, मला शंका आहे. माझं मत विचाराल तर रोज मोजकीच माणसं सोडावीत, आणि बत्तीचं म्हणणं आपणही थोडं ऐकावं.

पण देवणी-उदगीर-निलंग्याकडून कुणी जाणार असेल तर जरूर जावं. पावसाळा सोडून जा. थळला पोचलात की आधी परवानगीची आणि भरती-ओहोटीची चौकशी करा. ओहोटीला होडी धक्क्याला लागत नाही आणि आपल्याला खडकावरून चालायची सवय नाही. प्यायचं पाणी घरून भरून न्या. तेवढं आपल्याला कुणी शिकवायला नको.